मजल्यांची मोजणी आणि काँक्रीटचे दिवस

बेळगावच्या कॅम्पात शिरले की डोळ्यांत प्रथम भरतात ती तेथील उंच झाडे आणि त्यांच्या सावलीत बसलेली ठेंगणी घरे. १८१८ साली बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला आणि पुढे येथे लष्कराची छावणी वसली. ‘कॅम्प’ हे नाव त्या छावणीचीच आठवण होय. मोठ्या आवाराच्या मध्यभागी बंगला, पुढे ऐसपैस व्हरांडा, जाड भिंती आणि त्यांवर उतरते कौलारू छप्पर, ही त्या काळच्या छावण्यांतील घरांची सर्वसाधारण घडण होती. छावणीच्या हद्दीत बांधकाम करावयाचे तर छावणी मंडळाची परवानगी हवी, हा दंडक १९२४ च्या कायद्यात होता आणि २००६ च्या कायद्यानेही तो कायम ठेवला. शहर चहूबाजूंनी वाढत गेले, तरी कॅम्पातील जुन्या घरांनी आपली उंची फारशी सोडली नाही, ती काही अंशी यामुळे.

कॅम्पाची हद्द ओलांडून टिळकवाडी किंवा हिंदवाडीकडे वळले म्हणजे मात्र चित्र पालटते. जुन्या घरांच्या जागी खांब उभे राहिलेले दिसतात. खांबांवर स्लॅब आणि स्लॅबवर पुन्हा खांब. मुंबई-पुण्यास जे चाळीस मजल्यांचे मनोरे उठतात त्यांच्यापुढे या इमारती लहान खऱ्या; परंतु दोहोंची जात एकच, आणि त्यांत घर घेणाऱ्या माणसाची चिंताही एकच. आयुष्याची पुंजी मोजून ज्याने घराची नोंदणी केली आहे, तो सुटीच्या दिवशी सकाळी कुटुंबासह रस्त्याच्या पलीकडे उभा राहतो आणि बोटाने मजले मोजतो. गेल्या महिन्यात चार होते, आज पाच झाले, म्हणून तो समाधानाने घरी परततो. मजल्यांची ही मोजणी कोठून आली, तिने काय कळते आणि काय कळत नाही, हे समजण्यास काँक्रीटच्या इमारतीचा इतिहासच पाहिला पाहिजे.

काँक्रीटच्या आधी इमारत उभी राहत असे ती चुन्यावर. भट्टीत भाजलेला चुना विरवावयाचा, घाणीत वाळूबरोबर मळावयाचा आणि मग दगडाविटांच्या थरांत भरावयाचा, ही रीत आपल्याकडे शतकानुशतके चालली. चुना हवेतील वायू शोषून हळूहळू दगड बनतो. त्याला महिने लागतात, कधी वर्षेही लागतात. घाई केली तर खालचा थर वरच्या भाराने दबतो. म्हणून जुने गवंडी भिंत थोडी चढवीत, तिला पाणी देत आणि थांबत. उंची हवी असेल तर रुंदी द्यावी लागे. बेळगावहून फार दूर नसलेल्या विजापुरात सतराव्या शतकात गोलघुमट बांधला गेला. त्याचा प्रचंड घुमट पेलण्यासाठी खालच्या भिंती सुमारे ३ मीटर जाडीच्या कराव्या लागल्या. अमेरिकेतही याहून निराळे घडले नाही. शिकागो शहरात १८९१ साली मोनाडनॉक नावाची १६ मजल्यांची इमारत विटांच्या भिंतींवर उभी राहिली, तेव्हा तळाशी त्या भिंती ६ फूट जाड होत्या. तळमजल्याची किती जागा भिंतींनीच गिळली असेल, याची कल्पना करावी. विटांच्या भिंतींवर याहून फार उंच जाणे परवडणारे नव्हते.

ही कोंडी फुटली ती तीन निरनिराळ्या माणसांच्या हातून. १८२४ साली जोसेफ ॲस्पडिन या इंग्रज गवंड्याने चुनखडी व माती एकत्र भाजून तयार केलेल्या पुडीचे पेटंट घेतले. तिच्यापासून होणारा दगड इंग्लंडातील पोर्टलंडच्या दगडासारखा दिसे, म्हणून तिला पोर्टलंड सिमेंट हे नाव पडले. १८६७ साली जोसेफ मोनिए या फ्रेंच माळ्याने झाडांच्या कुंड्या टिकाऊ व्हाव्यात म्हणून सिमेंटच्या पोटात लोखंडी जाळी घातली आणि तिचे पेटंट घेतले. काँक्रीट दाबाला उत्तम टिकते. पण ओढीपुढे ते दुबळे, दाबाच्या मानाने सुमारे दहाव्या हिश्शाचेच. लोखंड ओढ सोसते. उष्णतेने दोन्ही जवळजवळ सारखीच प्रसरण पावतात, त्यामुळे ऋतू पालटला तरी त्यांची फारकत होत नाही. शिवाय सिमेंटच्या क्षारधर्मामुळे आत झाकलेले लोखंड गंजापासून वाचते. या मैत्रीवर सारी इमारत तोलण्याची पद्धत फ्रांस्वा एनबीक या फ्रेंच कंत्राटदाराने बसविली. खांब, तुळई आणि स्लॅब हे तिन्ही एकजीव ओतावयाचे, त्यांतील सळया एकमेकींत गुंतवावयाच्या आणि तुळईत उभ्या कड्या घालावयाच्या, अशा रचनेचे पेटंट त्याने १८९२ साली घेतले. आज कोणत्याही गावातील सेंट्रिंगवाला जो सांगाडा बांधतो, त्याचा हा पूर्वज आहे.

पुढच्या दहा-अकरा वर्षांत या युक्तीची परीक्षा झाली. १९०३ साली अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात इंगल्स बिल्डिंग ही १६ मजल्यांची, सुमारे २१० फूट उंचीची इमारत पुरी झाली. केवळ सळयांच्या काँक्रीटची ती जगातील पहिली गगनचुंबी इमारत मानली जाते. मोनाडनॉकचेही मजले सोळाच होते. पण तेथे भिंत ६ फुटांची होती आणि येथे ती ८ इंचांवर आली. लोकांचा मात्र विश्वास बसेना. लाकडी साचे काढल्यावर इमारत कोसळणारच, ती बातमी प्रथम आपल्याला मिळावी म्हणून एक वार्ताहर रात्रभर जागत बसला होता, अशी आख्यायिका सांगतात. इमारत पडली नाही. आख्यायिका खरी असो वा नसो, त्या वार्ताहराची शंका अगदीच वेडी नव्हती. काँक्रीटचा खरा कस साचा काढतानाच लागतो, एवढे त्याने ओळखले होते.

हिंदुस्थानात सिमेंट प्रथम जहाजांनी आले. १९०४ साली मद्रास येथे ते बनविण्याचा लहानसा प्रयत्न झाला; धंदा म्हणून तो स्थिर झाला १९१४ साली पोरबंदर येथे. मुंबईत घरांची टंचाई होती, आणि १८९६ च्या प्लेगने दाट वस्तीचा धोका दाखवून दिला होता. १९२० साली मुंबई सरकारने डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन केले आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी या चार ठिकाणी मिळून २०७ चाळी बांधल्या. लोकांच्या तोंडी ते नाव ‘बीडीडी चाळी’ असे रुळले. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या आणि एका खोलीचे क्षेत्र सुमारे १६० चौरस फूट. कोकणातून व घाटावरून गिरण्यांत आलेल्या कामगारांच्या पिढ्या या खोल्यांत वाढल्या. काँक्रीटचे घर म्हणजे श्रीमंतांची चैन, अशी समजूत असेल तर तिला हा मोठा अपवाद आहे. मुंबईत काँक्रीटचे मोठे वसतिस्थान कष्टकऱ्यांना आधी मिळाले. मरीन ड्राइव्हवरची गोलाईदार गॅलऱ्यांची घरे त्यानंतर, मुख्यतः १९३० नंतरच्या काळात उभी राहिली.

परंतु चाळीत राहणारा माणूस भाडेकरू होता. इमारत कशी चढते याची उठाठेव मालकाने करावी, त्याने नव्हे. मजले मोजण्याची गरज निर्माण झाली ती एकाच इमारतीत अनेक मालक झाले तेव्हा. मुंबईत गावदेवी येथे १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. श्रीपाद सुब्बराव तालमकी हे तिचे प्रवर्तक. अनेक कुटुंबांनी मिळून जमीन व इमारत धारण करावयाची, ही कल्पना तेथे रुजली. स्वातंत्र्यानंतर मुंबईत माणसांचा लोंढा वाढला आणि बिल्डर आधी पैसे घेऊन मग घर बांधू लागला. घर कागदावर विकले जाऊ लागले, तशा तक्रारीही वाढल्या. तेव्हा महाराष्ट्राने १९६३ साली मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा केला. लेखी करार झाल्याशिवाय किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येणार नाही आणि मंजूर नकाशे घेणाऱ्यास दाखविले पाहिजेत, अशा अटी त्यात होत्या. पुढे १९७० साली महाराष्ट्राने आणि १९७२ साली कर्नाटकाने अपार्टमेंटच्या मालकीविषयी स्वतंत्र कायदे केले. चौथ्या मजल्यावरची, म्हणजे जमिनीपासून चाळीस फूट उंचीवरची जागा हीसुद्धा वारसाने देता-घेता येणारी मिळकत आहे, आणि तिच्याबरोबर जमिनीचा, जिन्याचा व गच्चीचा अविभक्त हिस्साही मिळतो, हे या कायद्यांनी निश्चित केले. कॅम्पातील बंगलेवाल्याला जमिनीवर जे दिसत होते, ते सदनिकाधारकाला कागदावर पाहावे लागले.

पैसे हप्त्याने देण्याची रीत पडली, तेव्हा हप्ता केव्हा देय झाला हे ठरविण्यास दोघांनाही दिसेल अशी खूण हवी होती. जोत्यापर्यंत काम आले की एक हप्ता, पहिला स्लॅब पडला की दुसरा, दुसरा पडला की तिसरा. स्लॅब ही अशी खूण बनली. रस्त्यावरून तो दिसतो, मोजता येतो आणि त्याविषयी वाद होत नाही. बांधणाऱ्याच्या दृष्टीने मात्र यात एक मोह लपलेला असतो. जितक्या लवकर स्लॅब, तितक्या लवकर पैसा.

मुंबईतील घरे उंच होत गेली ती याच काळात. साठीच्या दशकात कारमायकेल रोडवर ‘उषा किरण’ ही २५ मजल्यांची इमारत उठली आणि राहत्या घरांची उंची कोठवर जाऊ शकते हे लोकांनी प्रथमच पाहिले. त्यानंतरची महत्त्वाची इमारत म्हणजे कंबाला हिलवरील ‘कांचनजुंगा’. चार्ल्स कोरिया हे तिचे वास्तुशिल्पी आणि शिरीष पटेल हे स्थापत्य अभियंते. १९८३ साली ती पूर्ण झाली. तळाचा चौरस २१ मीटरचा आणि उंची ८४ मीटर, म्हणजे रुंदीच्या चौपट; आत घरे अवघी ३२. अशी सडपातळ इमारत समुद्राच्या वाऱ्यापुढे उभी राहावी म्हणून मध्यभागी लिफ्टच्या सभोवती काँक्रीटचा कणा घेतला होता. हा कणा बाकीच्या इमारतीच्या आधीच वर चढविण्यात आला, तोही सरकत्या साच्याने. या पद्धतीत साचा काढून पुन्हा बांधीत नाहीत. जॅकच्या साहाय्याने तो तासाला काही इंच या गतीने वर सरकत राहतो आणि वरून काँक्रीट पडत राहते. साच्याखालून बाहेर येणारे काँक्रीट स्वतःला सावरण्याइतके घट्ट झालेले असावे लागते. साचा फार हळू सरकला तर काँक्रीट त्याला चिकटते, फार वेगाने सरकला तर ते ढासळते. भारतात बहुमजली इमारतीसाठी ही पद्धत तेथे प्रथम वापरली गेली.

याच दशकांत सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. परवान्याशिवाय पोते मिळत नसे आणि परवान्यासाठी महिनोन् महिने थांबावे लागे. १९८२ साली नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ साली पुरते गेले. त्यानंतर सिमेंट मुबलक झाले. कारखान्यात मिसळून ट्रकने आणलेले काँक्रीट आले, ते उंच चढविणारे पंप आले. पूर्वी मालाच्या टंचाईमुळे काम थांबे आणि त्या थांबण्यात काँक्रीटला आपोआप सवड मिळे. आता सवड हेतुपुरस्सर ठेवावी लागते.

ही सवड म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. स्लॅब ‘वाळतो’ असे आपण बोलतो, परंतु ते बरोबर नाही. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याचा रासायनिक संयोग होतो आणि त्यातून ते दगड बनते. पाणी अकाली उडून गेले तर संयोग अर्धवट राहतो. म्हणून ओतलेल्या स्लॅबवर मातीची किंवा सिमेंटची आळी करून पाणी साठवितात, खांबांना गोणपाट गुंडाळून ते भिजते ठेवतात. साध्या सिमेंटला निदान ७ दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला निदान १० दिवस असे पाणी हवे, असे भारतीय मानक ४५६ सांगते. हे मानक प्रथम १९५३ साली निघाले आणि २००० साली त्याची चौथी सुधारणा झाली. सात दिवसांत साध्या सिमेंटच्या काँक्रीटला त्याच्या ठरलेल्या बळापैकी ढोबळमानाने दोन-तृतीयांश बळ येते. ठरलेले बळ मोजतात ते २८ व्या दिवशी.

दुसरी गोष्ट मिसळताना घालावयाच्या पाण्याची. १९१८ साली शिकागोच्या डफ एब्रम्स या संशोधकाने असंख्य नमुने फोडून दाखवून दिले की, सिमेंटच्या मानाने पाणी जितके जास्त, तितके काँक्रीट दुबळे. परंतु पातळ माल ओतावयास सोपा, म्हणून कामावर कोणीतरी हळूच बादलीभर पाणी वाढवितो. मिसळताना हात आखडावा आणि ओतून झाल्यावर सढळ सोडावा, असा पाण्याचा न्याय आहे. पुष्कळ कामांवर तो नेमका उलटा होतो. याला पडताळा म्हणून ओतण्याच्या वेळीच त्याच मालाचे १५ सेंटिमीटरचे चौकोनी ठोकळे भरतात, पाण्यात ठेवतात आणि २८ व्या दिवशी यंत्रात दाबून फोडतात. एका नमुन्याचे तीन ठोकळे असतात. १६ ते ३० घनमीटर काँक्रीट ओतले तर निदान तीन नमुने घ्यावयाचे, असा नियम आहे. ठोकळे भरल्याची तारीख, स्लॅबचा क्रमांक आणि ठोकळा फुटला तेव्हाचा भार, एवढ्या तीन नोंदींत त्या मजल्याची खरी जन्मपत्रिका असते.

तिसरी गोष्ट टेकूंची. उभे साचे १६ ते २४ तासांत काढता येतात. परंतु स्लॅबखालचे टेकू, गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर ७ दिवस आणि त्याहून मोठा असेल तर १४ दिवस ठेवावयाचे. तुळईखालचे ६ मीटरपर्यंत १४ दिवस आणि त्यापुढे २१ दिवस, असा साधारण दंडक मानकात दिला आहे. आता कोणी विचारील की, हल्ली ॲल्युमिनियमचे साचे वापरून आठवड्यास एक मजला चढवितात, ते कसे? त्याचे उत्तर असे की, साच्याचे पत्रे लवकर निघतात, टेकू मात्र तसेच राहतात. नवा ओला स्लॅब खालच्या कोवळ्या स्लॅबवर टेकतो, तो त्याच्या खालच्यावर, आणि भार असा दोन-तीन मजल्यांत वाटला जातो. खालच्या मजल्यांत टेकूंचे जंगल उभे आहे तोवर वेगात वावगे काही नाही. ते टेकू वरच्या मजल्यासाठी उचलून नेले की त्याच वेगाचा अपघात होतो.

मोठ्या कामांवर हे शास्त्र किती काटेकोर पाळतात याचे उदाहरण दुबईचे आहे. २०१० साली खुल्या झालेल्या ८२८ मीटर उंचीच्या बुर्ज खलिफाचे काँक्रीट ६०० मीटरहून अधिक उंचीपर्यंत पंपाने चढविले गेले. उन्हाळ्यात ते रात्री ओतीत आणि पाण्याऐवजी काही भाग बर्फ घालीत, कारण तेथील उन्हात काँक्रीट तापून वेळेआधीच आवळते आणि त्याला चिरा पडतात. जगातील सर्वांत उंच इमारत बांधणाऱ्यांनीही सूर्य मावळण्याची वाट पाहिली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

ही वाट न पाहिल्याचे परिणाम महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांनी भोगले आहेत. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ मुंब्रा-शीळ भागात एक इमारत कोसळली आणि ७४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत कितीतरी मुले होती. परवानगीवाचून, अवघ्या काही महिन्यांत तिचे सात मजले चढले होते आणि आठव्याचे काम चालू होते. वर काम चालू असतानाच खाली कुटुंबे राहावयास आली होती. रस्त्यावरून मजले मोजणाऱ्यास त्या इमारतीची प्रगती फार समाधानकारक वाटली असती. १९ मार्च २०१९ रोजी धारवाडच्या कुमारेश्वर नगरात बांधकाम चालू असलेली बहुमजली इमारत पडली, तिने १९ बळी घेतले. खाली दुकाने सुरू झालेली होती आणि वर काम शिल्लक होते. बेळगावकरांना धारवाड परके नाही. कितीतरी घरांचे सोयरसंबंध तेथे आहेत. त्या आठवड्यात ढिगाऱ्याखालून माणसे काढण्याचे काम दिवसेंदिवस चालले, तेव्हा बेळगाव-निपाणी भागातील घराघरांत आपापल्या इमारतीचा विषय निघाला नसेल तरच नवल.

पडलेल्या इमारतींच्या चौकशांत कारणे बहुधा तीच ती निघतात: पाया कमी, सळया कमी, माल हलका, मूळ आराखड्यात नसलेले मजले वर चढविलेले. यांतील एकही कारण गिलावा झाल्यावर डोळ्यांना दिसत नाही. विटेच्या भिंतीचा दोष चटकन दिसतो. काँक्रीट मात्र स्वतःचा दोष स्वतःच्या पोटात ठेवते. ओतण्यापूर्वीचे काही तास सळया उघड्या असतात, तेवढ्यात त्या पाहणाऱ्याने पाहिल्या तर पाहिल्या.

२०१६ साली केंद्राने स्थावर संपदा नियमनाचा कायदा केला, तो लोकांत ‘रेरा’ या नावाने रूढ झाला. घेणाऱ्यांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावयाची आणि काम ज्या प्रमाणात झाले त्याच प्रमाणात काढावयाची. तेही अभियंता, वास्तुशिल्पी आणि सनदी लेखापाल या तिघांनी दाखला दिल्यावर. कामाची प्रगती दर तीन महिन्यांनी जाहीर करावयाची. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत रचनेचा दोष दिसला तर बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करावयाचा. महाराष्ट्राच्या नमुना करारात हप्त्यांचे टप्पेही घातले आहेत. जोते पुरे होईपर्यंत एकूण ४५ टक्के आणि सर्व स्लॅब पुरे होईपर्यंत ७० टक्के, याहून अधिक रक्कम मागता येत नाही. गच्चीचा स्लॅब पडला तरी ३० टक्के रक्कम घेणाऱ्याच्या हाती राहते. मात्र जमीन ५०० चौरस मीटरच्या आत असेल, किंवा घरे आठाच्या आत असतील, तर नोंदणीची सक्ती नाही. लहान गावांतील पुष्कळ इमारती याच मापात बसतात. म्हणजे जेथे देखरेख सर्वांत विरळ, तेथे कायद्याचा डोळाही पोहोचत नाही.

काँक्रीटच्या घरांची ही कहाणी मुंबईत जेथून सुरू झाली तेथेच ती आता पुन्हा येऊन पोहोचली आहे. वरळीच्या बीडीडी चाळींतील सळया शंभर वर्षांत गंजल्या, त्यांच्या फुगण्याने काँक्रीटचे पापुद्रे सुटले. पुनर्बांधणीचे भूमिपूजन २०१७ साली झाले. पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या त्या ऑगस्ट २०२५ मध्ये. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ही माणसे ५०० चौरस फुटांच्या घरात, चाळीस मजल्यांच्या इमारतीत गेली. या काळात ती अन्यत्र राहून मजले मोजीत होती. त्यांतील कित्येक वडीलधारी माणसे किल्ली हाती येण्यापूर्वीच गेली. वाट पाहण्याची किंमत कोणी देत असेल तर ती अशी माणसे देतात. म्हणून उशिराचे समर्थन करणे सोपे नाही. परंतु परवान्यांत, भांडणांत आणि पैशाच्या ओढाताणीत गेलेली वर्षे वेगळी आणि काँक्रीटला लागणारे अठ्ठावीस दिवस वेगळे. वर्षे वाया गेली म्हणून ती भरपाई या अठ्ठावीस दिवसांतून काढणे हा धोक्याचा हिशेब होय.

तेव्हा रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या त्या गृहस्थाने मजले अवश्य मोजावेत. मात्र नंतर रस्ता ओलांडून आत जावे आणि चार साधे प्रश्न विचारावेत: शेवटचा स्लॅब कोणत्या तारखेस ओतला? त्याच्या ठोकळ्यांचा निकाल काय आला? खालचे टेकू अजून जागेवर आहेत काय? आणि सळया झाकण्यापूर्वी त्या कोणी पाहिल्या, त्याची सही कोठे आहे? हे विचारण्यास अभियंता असावे लागत नाही. ज्या कामावर या प्रश्नांची उत्तरे वहीतून चटकन निघतात, तेथे मजला आठ दिवस उशिरा चढला तरी त्याचे दुःख मानू नये.

कॅम्पातील जुन्या बंगल्यांच्या भिंती चुन्याच्या आहेत. त्या बांधणाऱ्या गवंड्यांना रासायनिक संयोगाची माहिती नव्हती आणि मानकेही नव्हती. परंतु थर चढविल्यावर थांबावे लागते एवढे त्यांना ठाऊक होते. आजच्या घरांची उंची दसपटीने वाढली आहे आणि साधनेही वाढली आहेत. थांबण्याची गरज मात्र तेवढीच राहिली आहे.